हिरवा दिवा लागला, पण बारा पावलांवर संपर्क तुटला: एका बाइंडिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

रेडिओवर चालणारं मॉडेल विमान, सेकंडहँड. फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकण्याचं विमान, पंख वरच्या बाजूला, पसारा १.४ मीटर, तीन सेलची लिपो बॅटरी आणि चार चॅनेल: थ्रॉटल (मोटारचा वेग), एलेरॉन (पंख कलवणं), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे). जुन्या मालकाने विकताना हुकूम ऐकणारा रिसीव्हर आतच राहू दिला. हातातला ट्रान्समीटर मात्र स्वतःकडे ठेवला, कारण त्याची बाकीची विमानं त्यावरच उडत होती. घेणारा नवशिका होता. सिम्युलेटरवर हात बऱ्यापैकी बसलेला. त्याचा ट्रान्समीटर एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा, आणि पाठीमागच्या खाचेत मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल. अशा मॉड्यूलमध्ये चार वेगवेगळ्या रेडिओ चिप असतात: सीसी२५००, ए७१०५, सीवायआरएफ६९३६ आणि एनआरएफ२४एल०१. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे रिसीव्हर एकाच ट्रान्समीटरला जोडता येतात. जुना रिसीव्हर फेकायला नको म्हणून नवशिक्याने मुद्दाम हे मॉड्यूल घेतलं होतं.

नावं, क्लब आणि मैदान यांचा उल्लेख इथे गाळला आहे. नवशिका, त्याला शिकवणारे सर आणि मैदानावरचे एक जुने सभासद, एवढीच माणसं प्रकरणात आहेत. मैदानावरच्या सुरक्षेच्या नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे असल्याने बहुतेक गोष्टी समोर घडताना पाहता आल्या.

बाइंडिंगबद्दल, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमवण्याबद्दल, थोडं. ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या काळात दोन्हीकडे एकाच चॅनेलचं क्रिस्टल घातलं की जोडी जमायची. त्याच चॅनेलवर दुसऱ्या कुणी ट्रान्समीटर चालू केला की हवेतलं विमान गेलंच म्हणून समजा. म्हणून मैदानावर चॅनेलच्या चिमट्यांचा फळा असायचा, आणि ज्याच्या हाती चिमटा त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. २.४ गिगाहर्ट्झवर ही भानगड मिटली. प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. बाइंड करताना रिसीव्हर तो क्रमांक आणि फ्रिक्वेन्सी बदलण्याचा क्रम साठवून ठेवतो, आणि पुढे फक्त त्याचंच ऐकतो. या रिसीव्हरचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली पद्धत, डी८ होता: आठ चॅनेल, ४७ फ्रिक्वेन्सींवर ठरलेल्या क्रमाने उड्या, दर ९ मिलिसेकंदांना एक खेप, आणि चार खेपांतली एक रिसीव्हरच्या उलट बोलण्यासाठी, म्हणजे टेलिमेट्रीसाठी राखलेली.

घरी बाइंड करताना नवशिक्याला दोन अडथळे आले. आधी त्याने यादीतला नवा म्हणून डी१६ निवडला. रिसीव्हरला डी८ सोडून काही कळत नाही, त्यामुळे दिवा ढिम्म. मग डी८ निवडला, पण ट्रान्समीटर रिसीव्हरला जवळजवळ टेकवून धरला होता. इतक्या जवळ सिग्नलचा भडिमार होतो आणि रिसीव्हरची ऐकण्याची बाजूच गुदमरते. ट्रान्समीटर दीडेक मीटर लांब नेला, रिसीव्हरवरचं बटण दाबून धरत पुन्हा बॅटरी लावली, आणि बाइंड झालं. बॅटरी काढून परत लावल्यावर हिरवा दिवा स्थिर लागला. चारही चॅनेल हलले, दिशा बरोबर होत्या, पडद्यावर आरएसएसआय, म्हणजे पोचणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा, ८० च्या वर दिसत होता. नवशिक्याच्या लेखी काम फत्ते झालं होतं.

अडचण

मैदानावर पहिल्या उड्डाणाआधी रेंज चेक करायचा, हा सरांचा नेम. ट्रान्समीटर रेंज मोडमध्ये टाकला की त्याची ताकद मुद्दाम खूप कमी होते. एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने ट्रान्समीटर घेऊन ३० पावलं चालत जायचं आणि सतत स्टिक हलवत राहायचं. तेवढ्या अंतरावर सर्व्हो (एलेरॉन, रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटारी) न अडखळता हलले तर पूर्ण ताकदीवर हाताशी भरपूर शिल्लक आहे, असं धरतात.

नवशिका चालत निघाला. आठव्या पावलाला एलेरॉन एकदा उचकल्यासारखा हलला. बाराव्या पावलाला सर्व्हो जागच्या जागी थिजले आणि ट्रान्समीटर बोलला, टेलिमेट्री गेली. दोन पावलं मागे आला तर परत चालू. पुन्हा पुढे गेला तर पुन्हा बंद.

बारा आणि तीस हा फरक ऐकायला फारसा वाटत नाही. सिग्नलची ताकद मात्र अंतराच्या वर्गाने घटते. तीस भागिले बारा म्हणजे अडीच, आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. म्हणजे कुठेतरी सिग्नलचा सहापट घोटाळा होता, डेसिबलमध्ये साधारण आठ. एवढं सगळं एखाद्या सैल स्क्रूमुळे जात नाही.

पहिला निर्णय: उडवायचं की नाही

नवशिक्याचा प्रश्न रास्त होता. "सर, पूर्ण ताकदीवर तर बाराच्या कितीतरी पट रेंज मिळेल ना? मी लांब नेणारच नाही. डोक्यावरच फिरवतो."

हिशेब चुकीचा नव्हता. ट्रेनर नजरेच्या टप्प्यात, शंभर-दीडशे मीटरच्या घेऱ्यात फिरतं, आणि पूर्ण ताकदीवर ती जोडी बहुधा तेवढं अंतर पेललीही असती. सरांनी नाही म्हणण्याचं कारण वेगळं होतं. "रेंज कमी का आहे ते कळलं असतं, तर मीच सांगितलं असतं, जवळ उडव. कारणच माहीत नाही, मग ते हवेत वाढणार नाही हे तू कशावरून सांगतोस?"

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निर्णय हाच. घरचा हिरवा दिवा, ८० चा आरएसएसआय आणि हलणारे सर्व्हो या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: रिसीव्हर या ट्रान्समीटरला ओळखतो का? ओळख ही हो किंवा नाही अशी असते. संपर्क कितपत घट्ट आहे हे त्यातून कळत नाही. एका मीटरवर सिग्नल इतका जोरदार असतो की भलेभले दोष त्याखाली झाकले जातात. बाइंड झालं म्हणजे तपासणी आता सुरू करता येते, एवढाच त्याचा अर्थ.

समोरचे पर्याय

संशयितांची यादी तिथेच उभ्या उभ्या झाली. जुने सभासद ठामपणे अँटेनाकडे बोट दाखवत होते. सेकंडहँड विमानात अँटेना कुणी कशी कोंबली असेल सांगता येत नाही, हा त्यांचा अनुभव, आणि तो बहुतेक वेळा खराही ठरतो. दुसरा संशय विजेवर: सर्व्होंनी एकदम करंट ओढला की ईएससीकडून (मोटारचा वेग सांभाळणाऱ्या आणि रिसीव्हरला वीज देणाऱ्या सर्किटकडून) येणारं व्होल्टेज खाली जातं आणि रिसीव्हर क्षणभर बेशुद्ध पडतो. तिसरा, रिसीव्हरच आतून खराब. चौथा, दोष ट्रान्समीटरच्या बाजूला, म्हणजे मॉड्यूलच्या अँटेनात किंवा मॉड्यूलमध्येच.

नवशिक्याला सोपा वाटणारा मार्ग म्हणजे नवीन रिसीव्हर मागवणं. तो नको म्हणण्याचं कारण खर्चाचं नव्हतं. दोष मॉड्यूलचा असता तर नव्या रिसीव्हरनेही तेच केलं असतं, शिवाय दोन अनोळखी वस्तू एकमेकींना जोडून बसलो असतो.

आधी विजेचा संशय निकाली काढला, कारण त्याला एक मिनिट पुरतं. रिसीव्हरजवळ मीटर लावला आणि चारही सर्व्हो एकाच वेळी जोरजोरात हलवले. ५.० व्होल्टचं ४.८ झालं, त्याखाली गेलं नाही. अशा रिसीव्हरला ते खुशाल चालतं.

अँटेनाने दिलेली हुलकावणी

मग विमानाचं पोट उघडलं. जुन्या सभासदांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. रिसीव्हरच्या दोन अँटेनांपैकी एक बॅटरीच्या जाड तारेला चिकटपट्टीने बांधलेली होती. अशा अँटेनेचं खरं काम करणारं टोक म्हणजे शेवटचा ३१ मिलिमीटरचा उघडा तुकडा, २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगलांबीचा पाव भाग. त्याच्या मागचा भाग नुसती जाळी लपेटलेली केबल. हा ३१ मिलिमीटरचा तुकडा तारा, मोटार, कार्बन फायबर यांपासून दूर, सरळ आणि मोकळा हवा, आणि दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात. विमान वळताना एकीचं टोक नेमकं ट्रान्समीटरकडे रोखलं गेलं तरी दुसरी ऐकत राहते.

चिकटपट्टी काढली, अँटेना काटकोनात लावल्या आणि पुन्हा चाललो. पंधरा पावलं.

जुने सभासद खूश झाले. "बघा, सुधारलं." इथे फसायला फार सोपं होतं. एक खरा दोष सापडला, तो दुरुस्त केला, आकडाही वाढला. अशा वेळी माणूस आणखी थोडी खाटखूट करतो, एखादी अँटेना पंखाबाहेर काढतो, अठरा-वीस पावलं मिळवतो आणि "चालेल" म्हणतो. सरांनी ते थांबवलं. बाराचे पंधरा झाले म्हणजे अँटेनाचा वाटा दोन डेसिबलच्या आसपास. उरलेले सहा अजून बेपत्ताच होते.

दुसरा निर्णय: कुणाची अदलाबदल आधी

आता दोष विमानात की हातात, हे ठरवायचं होतं. त्यासाठी अदलाबदल दोन प्रकारे करता येते. सरांचा ट्रान्समीटर नवशिक्याच्या विमानाला बाइंड करून बघायचा, नाहीतर चांगला म्हणून माहीत असलेला रिसीव्हर नवशिक्याच्या ट्रान्समीटरला बाइंड करून बघायचा.

जुन्या सभासदांना पहिला प्रकार हवा होता, कारण विमान समोर उघडंच होतं. सरांनी दुसरा घेतला. असे रिसीव्हर एका वेळी एकाच ट्रान्समीटरची ओळख ठेवतात. सरांचा ट्रान्समीटर बाइंड केला की नवशिक्याचा पुसला जाणार, परत बाइंड करावं लागणार, आणि त्यानंतर दिशा, फेलसेफ (संपर्क तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते) सगळं पुन्हा तपासावं लागणार. तपासताना मूळ स्थिती मोडायची नाही, हे त्यांचं तत्त्व. दुरुस्तीच्या ओघात आपणच काय बदललं हे विसरलं, की दोष सापडला तरी ओळखू येत नाही.

क्लबच्या पेटीत त्याच प्रोटोकॉलचा एक रिसीव्हर होता. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रान्समीटरवर तो तीस पावलांपलीकडे व्यवस्थित चालला होता. नवशिक्याच्या ट्रान्समीटरमध्ये वेगळी मॉडेल मेमरी (एका विमानाच्या सेटिंगचा कप्पा) केली आणि तिला वेगळा रिसीव्हर नंबर दिला. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलमध्ये हा नंबर ओळखक्रमांकात मिसळतो, त्यामुळे तो बाइंड करण्याआधीच ठरवायचा. नंतर बदलला तर रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरला परका समजतो. मग लाकडी स्टुलावर रिसीव्हर, त्याला एक सर्व्हो आणि बॅटरी. आसपास ना मोटार, ना तारांचा गुंता.

चौदा पावलं.

सकाळी तीसच्या पुढे गेलेला रिसीव्हर या ट्रान्समीटरसमोर चौदावर अडला. जुन्या सभासदांनी उलट अदलाबदलही करून खात्री करा म्हटलं. पण तिची गरज उरली नव्हती. विमान निर्दोष सुटलं होतं.

मॉड्यूलच्या आत काय चाललं होतं

ट्रान्समीटरच्या बाजूला दोन शक्यता राहिल्या: मॉड्यूलची अँटेना किंवा त्याची फ्रिक्वेन्सी. अँटेना घट्ट बसलेली होती. दुसरी लावून पाहिली, फरक नाही.

फ्रिक्वेन्सीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल वापरणाऱ्यांपैकी बरेच जण ती सेटिंग कधी उघडतच नाहीत. डी८ साठी वापरली जाणारी सीसी२५०० चिप आपली फ्रिक्वेन्सी २६ मेगाहर्ट्झच्या एका क्रिस्टलवरून घडवते. क्रिस्टल दशलक्षात दहा भाग चुकलं, तर २.४ गिगाहर्ट्झवर ती चूक २४ किलोहर्ट्झ होते. रिसीव्हरमध्येही स्वतःचं क्रिस्टल असतं आणि त्याची स्वतःची चूक असते. दोन्ही चुका विरुद्ध दिशांना पडल्या तर बेरीज होते. जुन्या डायलच्या रेडिओवर काटा स्टेशनच्या किंचित बाजूला असला, तर जवळचं जोरदार स्टेशन तरीही ऐकू येतं आणि लांबचं खरखरीत बुडतं. इथे तसंच घडत होतं. घरी एका मीटरवर सगळं आलबेल, मैदानावर खरखर.

म्हणूनच या चिपवर चालणाऱ्या प्रोटोकॉलसाठी मॉड्यूलमध्ये 'आरएफ फाइन ट्यून' नावाचा आकडा असतो, −१२७ ते +१२७. एक पायरी म्हणजे जवळपास १.६ किलोहर्ट्झ. नवशिक्याच्या मेमरीत तो शून्यावर होता. त्याने त्याला हात लावला नव्हता, आणि लावायला हवा असं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

पद्धत सरळ आहे. रिसीव्हर चालू ठेवून आकडा एकेक करून खाली न्यायचा, संपर्क तुटतो ती जागा लिहून ठेवायची. मग वर न्यायचा, तिकडची जागा लिहायची. दोन्हींचा मध्य तो आपला आकडा. विमान स्टँडवर, प्रॉप (मोटारवरचा पंखा) काढलेला, ट्रान्समीटर तीन-चार मीटरवर. खालच्या बाजूला −९२ पर्यंत संपर्क टिकला. वर मात्र +८ लाच तुटला.

सरांनी वहीत रेघ ओढून दोन टोकं आणि शून्य मांडलं, तेव्हा न बोलताही नवशिक्याला कळलं. खिडकी शंभर पायऱ्यांची होती आणि तो तिच्या एका कडेवर उभा होता. कडेपासून फक्त आठ पायऱ्या, म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या आसपास, दशलक्षात पाच भाग. एवढं क्रिस्टल तापमानाच्या फरकाने सरकू शकतं. सकाळी गारव्यात नीट चाललेलं विमान दुपारी उन्हात तापल्यावर कडेपलीकडे गेलं असतं. जवळच उडवतो म्हणणाऱ्या नवशिक्याला सर नाही का म्हणाले, याचं उत्तर त्या आठ पायऱ्यांत होतं.

मध्य निघाला −४२. ताळा म्हणून क्लबच्या रिसीव्हरवरही तीच मोजणी केली, त्याचा मध्य −३८ आला. दोन वेगवेगळ्या रिसीव्हरचे आकडे इतके जवळ आले म्हणजे चुकीचा मोठा वाटा दोघांना सामाईक असलेल्या वस्तूचा, अर्थात मॉड्यूलचा.

न थांबलेली मोटार

ही मोजणी चालू असतानाच दुसरी गोष्ट उघडी पडली, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा गंभीर होती.

आकडा +८ च्या पुढे गेला, संपर्क तुटला, सर्व्हो थिजले. मोटार मात्र फिरतच राहिली. नवशिक्याचा अंगठा थ्रॉटलवर होता आणि स्टिक पाव उंचीवर राहिली होती. संपर्क गेल्यावर रिसीव्हरने शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवला. प्रॉप नसलेला शाफ्ट बारीक गुंजारव करत फिरतोय, नवशिका स्टिक खाली ओढतोय, आणि मोटार दाद देत नाही. त्याने बॅटरीकडे हात नेला. सरांनी आधी आकडा मागे आणायला लावला. संपर्क आला आणि मोटार थांबली.

या प्रकारच्या रिसीव्हरमध्ये फेलसेफ कुणी ठरवला नसेल, तर तो शेवटची स्थिती धरून ठेवतो. जुन्या मालकाने बहुधा कधी ठरवलाच नव्हता. हवेत तीनचतुर्थांश थ्रॉटलवर संपर्क तुटला असता, तर विमान तेवढ्याच जोराने, त्याच वळणात, बॅटरी संपेपर्यंत किंवा काहीतरी आडवं येईपर्यंत गेलं असतं.

नवशिका ट्रान्समीटरच्या मेनूत फेलसेफ शोधू लागला. डी८ मध्ये तो तिथून ठरत नाही, रिसीव्हरवरच्या बटणाने ठरतो. ट्रान्समीटर चालू ठेवायचा, स्टिक हव्या त्या जागी धरायच्या आणि बटण सेकंदभर दाबायचं. दिवा दोनदा लुकलुकला की नोंद झाली.

हव्या त्या जागी म्हणजे कुठे, यावर दोन मतं पडली. थ्रॉटल बंद, यात वाद नव्हता. जुन्या सभासदांना बाकी सगळं मध्यावर हवं होतं: वर पंख असलेलं ट्रेनर स्थिर असतं, आपलं आपण तरंगत उतरेल. सरांना रडर किंचित एका बाजूला हवा होता, म्हणजे विमान सरळ दूर जाण्याऐवजी मोठ्या घेऱ्यात फिरत मैदानाच्या आसपासच खाली येईल. शेवटी रडर थोडासा डावीकडे ठेवला. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. वाऱ्यात सरळ तरंगणारं ट्रेनर बरंच लांब जातं, हे पाहिलेलं असल्याने माझं मत सरांकडे झुकतं. रडर जास्त दिला तर मात्र तेच विमान गिरकी घेत खाली येतं, म्हणून 'किंचित' या शब्दावर भर.

निष्पत्ती

फाइन ट्यून −४२ वर ठेवून विमान पुन्हा बाइंड केलं. मग ठरलेला क्रम: दिशा, फेलसेफ, रेंज. फेलसेफ तपासताना विमान बांधून, प्रॉप काढलेलाच ठेवून, थोडा थ्रॉटल दिला आणि ट्रान्समीटर सरळ बंद केला. मोटार लगेच थांबली, रडर डावीकडे गेला. रेंज चेकला नवशिका तीस पावलं गेला आणि पुढे चालतच राहिला. चाळिशीच्या आसपास पहिला अडखळा आला.

नोंदीसाठी क्रमाने आकडे: सुरुवातीला बारा, अँटेना मोकळ्या केल्यावर पंधरा, ट्यून केल्यावर चाळिशीजवळ. अँटेनाची दुरुस्ती फुकट गेली असं नाही. फक्त तिला सगळं श्रेय दिलं असतं, तर खरा दोष तसाच राहिला असता.

पहिलं उड्डाण त्याच संध्याकाळी झालं. सरांनी हवेत विमान सरळ केल्यावर नवशिक्याच्या हाती दिलं. आरएसएसआयचा इशारा एजटीएक्समध्ये मुळातच ४५ ला धोका आणि ४२ ला गंभीर असा असतो, तो बदलला नाही. पूर्ण उड्डाणात तो एकदाही बोलला नाही. त्यानंतर विमानाने दोन लँडिंग गिअर मोडले, पण त्याला रेडिओ जबाबदार नव्हता.

पुढे एक छोटा उपप्रसंग झाला. नवशिक्याने दुसरं विमान आणलं, त्यातही त्याच प्रोटोकॉलचा रिसीव्हर होता. कोरी मॉडेल मेमरी केली, बाइंड केलं, हिरवा दिवा. रेंज चेकला अकरा पावलं. फाइन ट्यूनचा आकडा मेमरीगणिक वेगळा साठतो, आणि कोऱ्या मेमरीत तो पुन्हा शून्य होता. या वेळी मात्र त्याने कुणाला विचारलं नाही. विमान खाली ठेवलं, मेनू उघडला आणि −४० पासून मोजायला बसला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, जुन्या मालकाला दोन प्रश्न विचारता आले असते: रिसीव्हर कुठल्या प्रोटोकॉलचा, आणि फेलसेफ कसा ठेवलाय? पहिल्या उत्तराने घरची डी१६ ची खटपट वाचली असती. दुसऱ्याचं उत्तर "ठेवला नाही" असं आलं असतं, तरी उपयोगच झाला असता.

दुसरं, फाइन ट्यूनची मोजणी मॉड्यूल हातात आल्या दिवशी घरीच व्हायला हवी होती. तिला मैदान लागत नाही. काढलेला प्रॉप, तीन-चार मीटर जागा आणि कागद एवढंच लागतं. मिळालेला आकडा चिकटपट्टीवर लिहून मॉड्यूलच्या पाठीवर लावला की त्या चिपवरच्या पुढच्या प्रत्येक रिसीव्हरसाठी सुरुवातीची जागा ठरून जाते. नवशिक्याच्या मॉड्यूलवर आता −४० अशी पट्टी आहे. नेमका मध्य मात्र प्रत्येक रिसीव्हरसाठी वेगळा काढायचा, कारण त्याचं क्रिस्टल त्याचं असतं.

फेलसेफच्या बाबतीत नशिबाने साथ दिली हे मान्य करायला हवं. थ्रॉटल स्टिक पूर्ण खाली असती, तर शेवटची स्थिती म्हणजे बंद मोटारच, आणि रिसीव्हर हुकूम धरून ठेवतोय हे त्या दिवशी कळलंही नसतं. सरांच्या क्रमात फेलसेफची तपासणी पुढे होतीच, त्यामुळे ती सुटली नसती. पण रेंज सापडल्याच्या आनंदात कितीजण पुढची पायरी गाळतात, हे नोंदवहीत वर्षानुवर्षं दिसतं. ट्यूनिंगच्या आधीच एकदा, प्रॉप काढून, थोडा थ्रॉटल देऊन ट्रान्समीटर बंद करायचा, असा क्रम आता आम्ही धरला आहे.

एक मतभेद अजून मिटलेला नाही. जुने सभासद म्हणतात, जुना रिसीव्हर आणि ट्यून करून जुळवलेलं मॉड्यूल ही जोडी काढून टाकायला हवी होती. एकाच कंपनीचे ट्रान्समीटर-रिसीव्हर घेतले असते तर हा व्याप झालाच नसता. त्यात खरं आहे, तरी बाइंडिंगच्या कटकटी एकाच कंपनीत राहूनही पूर्ण संपत नाहीत. फर्मवेअरची आवृत्ती जुळत नाही, युरोपसाठीचं फर्मवेअर एकीकडे आणि इतर ठिकाणचं दुसरीकडे असतं. खुल्या प्रणालींचंही तेच: एक्सप्रेसएलआरएसमध्ये दोन्हीकडे घातलेला बाइंडिंगचा मजकूर बरोबर असला तरी फर्मवेअरची मुख्य आवृत्ती वेगळी असेल तर जोडी जमत नाही. फोमच्या ट्रेनरसाठी, चाळीस पावलांचा रेंज चेक आणि तपासलेला फेलसेफ हाती असताना, रिसीव्हर ठेवण्याचा सरांचा निर्णय मला पटतो. पेट्रोल इंजिनाचं चार-पाच किलोचं विमान असतं, तर मी तोच रिसीव्हर काढून ठेवायला सांगितला असता, तो चाळीस पावलं गेला असता तरी. कुणाच्या हातून किती वेळा आपटला, कितपत भिजला, हे कुठल्याच चाचणीत दिसत नाही.